चिऊ, तू गाडीत विचारलंस ते

प्रिय चिऊ,

रविवारी किराणा घेऊन परत येताना तू मागच्या सीटवरून विचारलंस, "आई, तुम्ही सगळं घरीच करायचात म्हणजे तुमच्याकडे विकत घ्यायला पैसे नव्हते का?" तुझ्या मांडीवर संक्रांतीच्या हलव्याची पाकिटं होती. मी "नाही गं, तसं काही नव्हतं" म्हटलं आणि रेडिओ लावला. तू पुन्हा विचारलं नाहीस. गेले तीन दिवस मला ते टोचतं आहे. तुझं मराठी वाचन सावकाश चालतं हे मला माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. एका बैठकीत वाचायला हवं असं नाही. उत्तर द्यायला हवं असंही नाही.

शनिवारी निशामावशीच्या बाळाचं बोरन्हाण आहे आणि त्याच्यासाठी मी हलव्याच्या दाण्यांचे दागिने, म्हणजे मुकुट, बाजूबंद आणि बासरी, करते आहे. तू मला फोनवर तयार संच दाखवलास, चार दिवसांत घरपोच येणारा. तो सुबक होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं, आणि मग तू तो प्रश्न विचारलास.

बडोद्याचं दांडिया बाजारातलं घर तू पाहिलंस ते रंगवलेलं, मधली भिंत पाडलेलं. माझ्या लहानपणी त्यातल्या दोनच खोल्या आपल्या होत्या. तुझ्या पणजोबांचे वडील सयाजीरावांच्या काळात नोकरीसाठी कोकणातून आले आणि तिथलेच झाले. त्यामुळे आम्ही घरात मराठी बोलायचो, दारात गुजराती, आणि भांडताना दोन्ही. आजोबांचा पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पुरायचा. घरात सहा माणसं. पणजीला आम्ही सगळे आजीच म्हणायचो, म्हणून इथेही तसंच लिहिते.

डिसेंबर सरत आला की आजी माळ्यावरून पितळी परात काढायला लावायची. पहाटे, थंडीत, शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून त्यावर परात ठेवायची. परातीत मूठभर तीळ नाहीतर खसखस. शेजारी साखरेचा पाक, त्यात चमचाभर दूध घालून मळी काढलेला. थोडासा पाक दाण्यांवर सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी दाणे फिरवत राहायचे. मग पुन्हा चमचाभर. निखारा जास्त झाला तर दाणा पिवळा पडतो. पाक जास्त पडला तर सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो आणि सकाळ वाया जाते. पहिल्या दिवशी काही झालंय असं वाटतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाणा फुगतो आणि त्याला बारीक टोकं फुटायला लागतात. त्याला काटा येणं म्हणतात. आभाळ आलं, हवा दमट झाली की काटा धरत नाही, म्हणून आजी जानेवारीत सारखी आकाशाकडे बघायची. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. मी लहान असताना ती बोटं गालाला लावून घ्यायची, कारण ती कायम ऊबदार असायची.

काटा नुसता दिसायला छान म्हणून नको असतो, चिऊ. हलव्याच्या दाण्याला भोक पाडत नाहीत. दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा धरायचा आणि ओढायचं. काट्यामुळे दोरा सरकत नाही. असा एकेक दाणा गाठीत अडकवत सर तयार होते, आणि मग पुठ्ठ्यावर, सोनेरी जरीवर ती शिवायची. मंगळसूत्र, तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, पाटल्या, बिंदी, कंबरपट्टा. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर हे सगळं घालायचं. जावयाला हार आणि हलवा लावलेला नारळ. बाळाला कृष्णासारखा मुकुट आणि बासरी. जरी आणि पुठ्ठा आणायला मी आईबरोबर मंगळबाजारात जायचे, आणि आई तिथे दर वर्षी त्याच दुकानदाराशी चार आण्यांवरून घासाघीस करायची. त्या वेळी मला ते फार लाजिरवाणं वाटायचं. तुझ्याएवढीच होते मी.

आता उतराणीचं, म्हणजे तिकडच्या संक्रांतीच्या पतंगांच्या सणाचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे होतं. 14 जानेवारीला बडोद्यात जमिनीवर कुणी नसतं. सगळं शहर अगाशीवर, म्हणजे गच्चीवर. पहाटेपासून लाउडस्पीकर, उंधियुं, जिलबी, उसाचे करवे आणि प्रत्येक छपरावरून "काप्यो छे!" अशी आरोळी. तुझा मामा उजाडायच्या आत फिरकी घेऊन वर पळायचा. आणि मी खाली, स्वयंपाकघरात, आईच्या आणि आजीच्या मध्ये, कारण दागिने दुपारच्या आत पोचवायचे असायचे आणि माझी बोटं बारीक होती. वरच्या पायांची धावपळ छतातून ऐकू यायची. मामाच्या हातात कुणी कधी सुई दिली नाही. मला याचा राग यायचा. तो राग बरोबर होता असं मला आजही वाटतं, आणि "आमच्यात किती छान पद्धत होती" असं तुला सांगायला लागले की तो राग आधी आठवतो. माझी उतराण दुसऱ्या दिवशी असायची, वासी उतराण म्हणतात तिला. उरलेला मांजा, फाटून चिकटवलेले पतंग. फक्त रात्री, मांज्याला एकाखाली एक कागदी कंदील बांधून तुक्कल सोडायचे, तेव्हा मला वर बोलवायचे. अंधारात ओळीने दिवे वर सरकत जायचे. ते कंदील आजोबा आठवडाभर आधीपासून पतंगाच्या कागदाचे चिकटवून ठेवायचे. आजही डोळे मिटले की दिसतात.

दागिने पोचवायचे असायचे असं मी लिहिलं, ते वाचताना तुझ्या लक्षात आलं का? कुठे पोचवायचे? माझ्या मात्र चौदा वर्षांची होईपर्यंत लक्षात आलं नव्हतं. मी समजत होते, नातेवाईक आहेत, ओळखीचे आहेत, त्यांना प्रेमाने देतो. मग एका दुपारी जरीचं रीळ शोधताना आजीच्या पेटीत मला वही सापडली. बडोदा संस्थानात 1906 पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं, मुलींनाही, म्हणून आजी शाळेत गेली होती आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार होतं. एका बाजूला घराचं नाव, मध्ये काय काय हवं ते, शेवटी रक्कम. रावपुऱ्यातली मोठी घरं, वकिलांची घरं, ज्यांच्याकडे आम्ही हळदीकुंकवाला जायचो ती घरं. नलूआत्याच्या कॉलेजची फी ज्या वर्षी भरली त्या वर्षी सर्वांत जास्त नावं होती.

म्हणजे हो, चिऊ. आमच्याकडे पैसे नव्हते. मी गाडीत तुला खोटं सांगितलं.

त्या दिवशी मी आजीशी भांडले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वहिनीने हळदीकुंकवाला आम्हीच केलेले दागिने घातले होते, आणि त्यांच्या घरी सगळ्यांना सांगितलं होतं की "आम्ही घरी केलेत". मला वाटलं, त्यांनी आमचं काहीतरी घेतलं. आजीला विचारलं, तू माझ्यापासून लपवून का ठेवलंस? ती म्हणाली, "लपवलं कुठे? तुझ्या हातानेच तर ओवलेत." आणि परत दोरा ओवायला लागली. सुईत दोरा घालायला मात्र तिने ती माझ्यापुढे धरली, आणि मी रडत रडत घालून दिला.

त्या वहीत एक गोष्ट होती ती मी तेव्हा पाहिली पण नीट वाचली नाही. काही नावांपुढे रक्कम नव्हती. तिथे तिने लिहिलं होतं, "घरचे". नलूआत्याची पहिली संक्रांत, घरचे. मामाचं बोरन्हाण, घरचे. माझं, घरचे. पण काय काय केलं त्याची यादी तितकीच नेमकी होती, गिऱ्हाइकाची असते तशी. मुकुट एक, बाजूबंद दोन, बासरी एक. माझ्यासाठीही बासरी केली होती तिने, मुलगी असून.

माझ्या पहिल्या संक्रांतीला, 2006 साली, आजीला जवळजवळ दिसत नव्हतं. आईने बाजारातून तयार दागिने आणून ठेवले होते, म्हणजे ऐन वेळी खोळंबा नको. आजीने तरी केले. गाठी सैल होत्या, दाणे लहानमोठे होते, मंगळसूत्राची एक वाटी तिरकी बसली होती. बाबांच्या घरच्या बायका येणार होत्या आणि मला बाजारातले घालायचे होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मी आजीचे घातले, पण मनातून नाही, तिला वाईट वाटेल म्हणून. फोटोत तू बघितलंस ते तेच. दोन दिवसांनी त्यांना मुंग्या लागल्या. हलव्याचे दागिने टिकत नाहीत, ठेवताच येत नाहीत. ते टाकताना मला काही वाटलं नाही. पुढच्या संक्रांतीला आजी नव्हती.

आता इथे. मेलबर्नमध्ये संक्रांत भर उन्हाळ्यात येते. तिळगूळ, काळी साडी, सगळं थंडीसाठी, आणि बाहेर कधी कधी चाळीस अंश. तिकडे म्हणतात, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो. इथे तो त्याच दिवसांत लहान होत असतो. गेल्या वर्षी मी हलवा घरी करून पाहिला, एसी लावून, गॅसवर तवा आणि वर परात ठेवून. काटा आला नाही. गुळगुळीत साखरेचे मणी झाले आणि दोरा त्यांच्यावरून घसरत राहिला. म्हणून यंदा पाकिटं आणली. बोरांच्या जागी निशामावशी ब्लूबेरी घेणार आहे. तू विचारलंस तर मला नीट सांगता येणार नाही की यातलं आजीचं काय उरलं. कधी कधी वाटतं, जे तिला नाइलाजाने करावं लागलं ते मी हौसेने करते आहे, आणि तिने हे पाहिलं असतं तर ती म्हणाली असती, अगं, मिळतंय तर आण की विकत.

आणि तू दाखवलेला तो संच. तोही कुठल्यातरी घरात कुणीतरी ओवलेला असणार. कुणाची तरी फी त्यातून भरली जात असेल. हे मला रविवारी सुचलं नाही, सुचायला हवं होतं, इतर कुणाला नाही तरी मला. मी तो मागवला आहे. निशामावशीच्या बाळासाठी नाही, पुढच्या महिन्यात रथसप्तमीच्या आधी वरच्या मजल्यावरच्या त्या नव्या जोडप्याला द्यायला. त्यांचं इथे कुणी नाही.

बाळाचा मात्र मीच करणार. रात्री तुम्ही झोपल्यावर बसते, एका गाठीला दुसरी गाठ लागते, आणि मला आई आणि आजीच्या मध्ये बसल्यासारखं वाटतं. तेव्हा तिथून उठून पळायची इतकी घाई होती. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. तुला बसावंसं वाटलं नाही तर मुळीच बसू नकोस. तुला धाकटा भाऊ असता तर त्यालाही मी हेच म्हटलं असतं, आणि त्याच्याही हातात एकदा तरी सुई दिली असती.

मुकुट झाला आहे. बासरी अर्धी आहे, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात निळ्या डब्यात. शेजारच्या वाटीतले बारीक दाणे खाल्लेस तरी चालतील. मोठे तेवढे ठेव, ते टोकाला लावायचे आहेत.

तुझी
आई