तडा दोघांनाही मान्य असतो, भांडण कारणाचं असतं

तुम्ही विचारलंय की बाल्कनीच्या स्लॅबखालचं काँक्रीट सुटून सळ्या दिसू लागल्यात, बिल्डर म्हणतो देखभाल केली नाही म्हणून झालं, तर स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासणी करून घेण्यात अर्थ आहे का, की रिपोर्ट विकतच मिळतात?

विकत मिळणारे रिपोर्टही असतात. पण ते उलटतपासणीत टिकत नाहीत. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून अगदी तुमच्यासारखंच एक प्रकरण सांगतो.

इमारत नऊ वर्षांची. मालकांची खात्री होती की सिमेंट कमी वापरलंय. आम्ही कोअर (ड्रिलने कापून काढलेले काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढून दाबून पाहिले, तर ताकद बरोबर निघाली. (भारतीय आणि अमेरिकी संहितांत तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या निदान ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको, असा निकष आहे.) मालकांचे चेहरे पडले. मग कव्हर मीटर फिरवला; सळीवर काँक्रीटचा किती जाड थर (कव्हर) आहे ते तो न फोडता मोजतो. नकाशात सळीवर २५ मिमी कव्हर होतं, प्रत्यक्षात ८ ते १० मिमी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थलीन (अल्कता असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) फवारलं, तर बाहेरचा १२ मिमीचा थर बिनरंगी राहिला आणि आतला गुलाबी झाला. म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तेवढ्या खोलीपर्यंत काँक्रीटची अल्कता मारली होती (यालाच कार्बोनेशन म्हणतात) आणि सळ्या नेमक्या त्याच थरात होत्या. अल्कता गेली की सळीचं संरक्षण गेलं. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं.

काँक्रीट पुरवणारा सुटला. सळ्या बांधून घेणारे आणि ओतण्याआधी त्या न तपासणारे अडकले. देखभालीचा मुद्दाही बारगळला, कारण रंग कितीही वेळा लावला तरी कव्हर वाढत नाही. कोअर काढून थांबलो असतो तर मालक हरले असते.

म्हणून रिपोर्ट हातात आला की त्यात दुसऱ्या बाजूची कारणं खोडली आहेत का आणि कशाच्या आधारावर, ते आधी बघा. नुसते फोटो आणि ‘निकृष्ट काम’ असा शेरा असेल तर पैसे वाया गेले समजा. फक्त रिबाउंड हॅमरवर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं उपकरण) काढलेल्या निष्कर्षावरही माझा विश्वास नाही. तो पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो, आणि कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग उलट जास्त आकडा दाखवतो.

एक कटू गोष्ट: फी तुम्ही दिली तरी निष्कर्ष तुमच्या बाजूचा येईलच असं नाही. बाल्कनीवर नंतर तुम्ही जाड भरणी टाकून फरशी बसवली असेल तर तेही मी लिहिणार. आधीच सांगून टाका, बरं पडतं.

तपासणीची तारीख बिल्डरला लेखी कळवा. नमुने त्याच्या माणसासमोर घ्या, सील करा, सह्या घ्या. तो आला नाही तर तशी नोंद करा. स्लॅबचा सुटलेला भाग कुणाच्या डोक्यावर पडण्याची भीती असेल तर आधी टेकू लावा आणि खालची जागा बंद करा. पण मोजमापं, फोटो आणि नमुने होईपर्यंत दुरुस्तीवाल्याला हात लावू देऊ नका. निघालेले तुकडेही फेकू नका, त्यांवर सळीचा ठसा असतो आणि कव्हर त्यावरूनही मोजता येतं.