थर्मोसेटिंग रेझिनमध्ये रिॲक्टिव्ह प्लास्टिसायझर वापरताना नेमके काय पाहावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय मी असा समजलो आहे: धातूच्या भागाभोवती ओतलेल्या इपॉक्सी पॉटिंगला, म्हणजे भाग बंदिस्त करणाऱ्या रेझिनच्या ओतकामाला, तडे जात होते, म्हणून तुम्ही त्यात डायब्युटिल थॅलेट हा साधा प्लास्टिसायझर (लवचिक करणारा पदार्थ) मिसळला. तडे थांबले, पण काही महिन्यांनी पृष्ठभाग चिकट झाला आणि वर लावलेले लेबल सुटू लागले. आता कोणीतरी ‘रिॲक्टिव्ह प्लास्टिसायझर’ वापरण्याचा सल्ला दिला आहे आणि तो किती घालावा, हार्डनरचे (रेझिनशी जोडून ते घट्ट करणाऱ्या घटकाचे) प्रमाण बदलावे का, असे तुम्ही विचारले आहे. इपॉक्सीची मिश्रणे बसवण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि तुमच्याकडून झालेली चूक माझ्याकडूनही झालेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रेझिन आणि हार्डनर जोडले जाऊन घट्ट होतात, म्हणजे क्युअर होतात, तेव्हा साखळ्यांचे एक जाळे तयार होते. डायब्युटिल थॅलेट या जाळ्याच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून थोडे दूर ठेवते, पण कोणत्याही साखळीला रासायनिक बंधाने जोडले जात नाही. त्यामुळे ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकते, शेजारच्या प्लास्टिकमध्ये किंवा लेबलच्या गोंदात उतरते आणि उष्णतेने उडूनही जाते. रिॲक्टिव्ह प्लास्टिसायझरच्या रेणूवर मात्र हार्डनरशी किंवा रेझिनशी अभिक्रिया करणारा गट असतो, म्हणून क्युअर होताना तो जाळ्याचाच भाग होतो. व्याख्या इतकी सोपी आहे; अडचण अशी की डब्यावर ‘रिॲक्टिव्ह’ लिहिले म्हणून त्याची अभिक्रिया होतेच असे नाही. योग्य प्रमाणात जोडीदार मिळाला नाही किंवा पुरेसे तापमान मिळाले नाही, तर तोही एक महागडा साधा प्लास्टिसायझर होऊन बसतो. बेन्झिल अल्कोहोलबाबत असा गैरसमज नेहमी दिसतो. त्याच्यावर हायड्रॉक्सिल गट असतो आणि तो अमाइन जातीच्या हार्डनरची अभिक्रिया वेगवान करतो, म्हणून अनेकांना ते रिॲक्टिव्ह वाटते. पण खोलीच्या तापमानाला ते इपॉक्सी गटाशी जवळजवळ जोडले जात नाही आणि पुढे बाहेर येते.

इपॉक्सीसाठी मिळणारे पदार्थ ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात आणि बाजारात तिन्हींना एकाच नावाने विकले जात असल्यामुळे गोंधळ होतो. ब्युटेनडायॉल डायग्लायसिडिल ईथरसारखे आखूड रेणू मुख्यतः रेझिन पातळ करतात. त्यांना डायल्युअंट म्हणणे योग्य, कारण लवचिकपणा ते फारसा देत नाहीत. पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल डायग्लायसिडिल ईथर किंवा डायमर आम्लाचा डायग्लायसिडिल एस्टर यांच्या दोन इपॉक्सी गटांमध्ये लांब, मऊ साखळी असते. ती जाळ्याच्या दोन गाठींमधले अंतर वाढवते, म्हणून खरे लवचिक करणारे पदार्थ हे. तिसरा गट एकच इपॉक्सी गट असलेल्यांचा, उदाहरणार्थ सी 12 ते सी 14 अल्किल ग्लायसिडिल ईथर आणि काजूच्या टरफलाच्या तेलातून मिळणाऱ्या कार्डेनॉलचा ग्लायसिडिल ईथर. असा रेणू हार्डनरचा एक हात अडवतो आणि त्या हातावर साखळी तिथेच संपते. हे पदार्थ रेझिनचा दाटपणा झपाट्याने उतरवतात, पण जाळ्यात मोकळी टोके सोडतात. म्हणून थोड्याशा प्रमाणातही कणखरपणा आणि सॉल्व्हंटला टिकण्याची ताकद दोन्ही घटतात. त्यांतल्या त्यात कार्डेनॉलचा ईथर मला बरा वाटतो, कारण त्याची 15 कार्बनची शेपटी पाण्याला दूर ठेवते, तर पॉलिईथर साखळी उलट पाणी ओढून घेते.

आता हार्डनरच्या प्रमाणाकडे येतो, कारण माझी चूक तिथेच झाली होती. नेहमीच्या द्रव बिस्फेनॉल-ए रेझिनचा इपॉक्सी इक्विव्हॅलंट वेट, म्हणजे ईईडब्ल्यू (किती ग्रॅममध्ये एक मोल इपॉक्सी गट असतात), सुमारे 190 धरा आणि आयसोफोरोन डायअमाइन या हार्डनरचा अमाइन हायड्रोजन इक्विव्हॅलंट वेट (तसाच आकडा, पण अभिक्रिया करणाऱ्या हायड्रोजनचा) 42.6. शंभर भाग रेझिनला 42.6 गुणिले 100 भागिले 190, म्हणजे 22.4 भाग हार्डनर लागतो. मी त्या वेळी 100 भाग रेझिनमध्ये 320 ईईडब्ल्यूचा पॉलिग्लायकॉल डायग्लायसिडिल ईथर 20 भाग वरून घातला आणि हार्डनर तेवढाच ठेवला. प्लास्टिसायझरला हार्डनर कशाला लागतो, असा माझा तेव्हाचा समज होता. हिशेब केला तर रेझिनचे 0.526 आणि ईथरचे 0.0625 मिळून 0.589 सममूल्ये (वजन भागिले इक्विव्हॅलंट वेट) होतात, तर हार्डनर फक्त 0.526 सममूल्यांपुरता होता. म्हणजे सुमारे 11 टक्के इपॉक्सी गटांना जोडीदारच नव्हता. त्यात ॲलिफॅटिक ग्लायसिडिल ईथर हे बिस्फेनॉलच्या ॲरोमॅटिक ईथरपेक्षा सावकाश अभिक्रिया करतात, म्हणून उपाशी राहिले ते बहुतांशी प्लास्टिसायझरचेच गट. भाग मऊ झाला, ग्राहक खूष झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात तुमच्यासारखीच चिकट पृष्ठभागाची तक्रार घेऊन परत आला.

त्याऐवजी 80 भाग रेझिन आणि 20 भाग ईथर असे मिश्रण धरले, तर 80 भागिले 190 अधिक 20 भागिले 320 म्हणजे 0.4836 सममूल्ये, मिश्रणाचा ईईडब्ल्यू सुमारे 207 येतो आणि हार्डनर 20.6 भाग लागतो. म्हणजे रेझिनची जागा घेऊन घातला तर हार्डनर कमी होतो आणि वरून घातला तर वाढतो. दोन्ही वेळा हिशेब नव्याने करावा लागतो आणि ईईडब्ल्यू पुस्तकातला न घेता त्या बॅचच्या प्रमाणपत्रावरचा घ्यावा.

लवचिकपणा हार्डनरच्या बाजूनेही आणता येतो आणि माझा कल बहुतेकदा तिकडेच असतो. पॉलिईथर अमाइनची साखळी जितकी लांब, तितके जाळे सैल. सुमारे 230 रेणुभाराचा डायअमाइन द्रव बिस्फेनॉल-ए रेझिनबरोबर पूर्ण क्युअर झाला की काचस्थितीचे संक्रमण तापमान, म्हणजे टीजी (ज्याच्या वर कडक रेझिन मऊ होते ते तापमान), साधारण 90 अंश सेल्सिअसच्या आसपास येते. 400 रेणुभाराचा घेतला तर तेच 50 अंशांच्या आसपास उतरते. दोन्ही मिसळून मधले कोणतेही तापमान गाठता येते आणि प्रत्येक रेणू हार्डनरच असल्यामुळे तो मोकळा राहण्याची शक्यता कमी असते. मात्र या अमाइनची अभिक्रिया सावकाश होते, हे उत्पादनाच्या वेळेत धरावे लागते.

टीजी उतरणे ही या सगळ्याची किंमत आहे आणि ती टाळता येत नाही. पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉलच्या साखळीचे स्वतःचे टीजी उणे 65 ते उणे 75 अंशांच्या दरम्यान असते. ती जाळ्यात विणली की जाळ्याचे टीजी खाली येणारच. त्यामुळे भाग कोणत्या तापमानाला काम करतो, हे ठरल्याशिवाय प्रमाण ठरवू नका. टीजी ओलांडल्यावर रेझिनचे उष्णतेने होणारे प्रसरण सुमारे तिप्पट होते, पण त्याच वेळी त्याचा ताठरपणा कोसळतो, म्हणून धातूवर पडणारा ताण कमीच राहतो. नाजूक घटकांच्या पॉटिंगला हे चालते. भार पेलणाऱ्या जोडाला अजिबात चालत नाही. तडे हवे नाहीत आणि टीजीही सोडायचे नाही, अशी अट असेल तर तो विषय प्लास्टिसायझरचा नाही, टफनिंगचा आहे: कार्बॉक्सिल टोकांचे द्रव नायट्राइल रबर इपॉक्सीशी आधी जोडून घातले की क्युअर होताना ते बारीक थेंबांच्या रूपात वेगळे होते, थेंब तडा अडवतात आणि भोवतालचे जाळे बरेचसे ताठच राहते.

इतर थर्मोसेटमध्ये, म्हणजे एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणाऱ्या रेझिनमध्ये, कल्पना हीच असते, पण पदार्थ बदलतात. अनसॅच्युरेटेड पॉलिस्टरमध्ये थॅलिक आम्लाचा काही भाग काढून ॲडिपिक आम्ल आणि डायइथिलीन ग्लायकॉल साखळीतच शिजवले जातात. मेलामाइनमध्ये कॅप्रोलॅक्टम किंवा पॅरा-टोल्युइन सल्फोनमाइड वापरतात. फिनॉलिकमध्ये काजूच्या टरफलाचे तेल चालते, कारण कार्डेनॉल स्वतः फिनॉल असल्याने फॉर्मल्डिहाइडशी जोडला जातो. अमाइनऐवजी ॲनहायड्राइड जातीच्या हार्डनरने क्युअर होणाऱ्या इपॉक्सीत तर साधा पॉलिग्लायकॉलही रिॲक्टिव्ह ठरतो, कारण त्याचा हायड्रॉक्सिल गट ॲनहायड्राइडची कडी उघडतो. अमाइनबरोबर निष्क्रिय असलेला पदार्थ तिथे जाळ्यात विणला जातो, म्हणून ‘हा रिॲक्टिव्ह आहे का’ या प्रश्नाला हार्डनर सांगितल्याशिवाय उत्तर नसते.

जोडणी झाली की नाही हे तपासण्यासाठी सुरुवातीला महागडे उपकरण लागत नाही. क्युअर झालेला छोटा तुकडा वजन करून ॲसिटोनमध्ये 24 तास बुडवा, मग ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा वजन करा. सोबत प्लास्टिसायझर नसलेला आणि डायब्युटिल थॅलेट घातलेला तुकडाही ठेवा. तुमचा तुकडा पहिल्याच्या जवळ राहिला तर जोडणी झाली. दुसऱ्याकडे झुकला तर एकतर प्रमाण चुकले किंवा क्युअर अर्धवट आहे. इन्फ्रारेडची सोय असेल तर 915 सेंटिमीटर व्यस्तांकाजवळचा इपॉक्सीचा पट्टा नाहीसा झाला का, हेही दिसते. ही चाचणी पोस्ट-क्युअरच्या (नंतर तापवून क्युअर पुरे करण्याच्या) आधी आणि नंतर दोन्ही वेळा करा, कारण खोलीच्या तापमानाला क्युअर होणारे मिश्रण स्वतःच काचेसारखे कडक होऊन अभिक्रिया मध्येच थांबवते.

काम करताना एक काळजी जरूर घ्या. जोडणारा गट त्वचेशीही जोडला जातो. पातळ ग्लायसिडिल ईथर, विशेषतः ब्युटिलसारखे आखूड आणि उडणारे, त्वचेची ॲलर्जी निर्माण करतात आणि ती एकदा झाली की सहसा जात नाही. नायट्राइल हातमोजे आणि हवा खेळती ठेवणे यांत सवलत घेऊ नका.

तुमच्या पॉटिंगसाठी मी आधी तडा मुळात का जातो ते पाहीन. भरणी (सिलिकासारखी पूड) नसलेले इपॉक्सी दर अंशाला साधारण दशलक्षात 55 ते 65 भाग प्रसरण पावते, तर पोलाद 11 ते 12 भाग. शिवाय मोठा गोळा भराभर क्युअर झाला तर तो गरम असतानाच गोठतो आणि निवताना सगळा ताण आत अडकतो. म्हणून सिलिकाची भरणी वाढवणे आणि हार्डनर मंद करणे हे दोन उपाय प्लास्टिसायझरच्या आधीचे आहेत. त्यानंतरही तडा राहिला तर रेझिनच्या जागी 10, 15 आणि 20 भाग पॉलिग्लायकॉल डायग्लायसिडिल ईथर घेऊन तीन मिश्रणे करा, प्रत्येकाचा हार्डनर वेगळा मोजा आणि 80 अंशांना 2 ते 3 तास पोस्ट-क्युअर द्या. मग प्रत्येक मिश्रण तीक्ष्ण कोपऱ्यांच्या पोलादी नटाभोवती ओतून ओव्हन आणि फ्रीझर यांच्यात 10 फेऱ्या मारा. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला नटाच्या कोपऱ्यावर तडा दिसत नाही, तेच घ्या आणि ॲसिटोनची चाचणी त्या मिश्रणावर करा.