गाणी लावली की आबा आणखीच चिडतात

“गाण्यांचा फार उपयोग होतो असं जो तो सांगतो मॅडम, पण आमच्याकडे उलटंच झालंय. गाणी लावली की आबा आणखीच चिडतात.”

डोंबिवलीहून माझ्याकडे सल्ल्याला आलेला आबांचा मुलगा सांगत होता. शेजारी त्याची बायको बसली होती. दिवसभर आबांचं सगळं तीच करते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अल्झायमरचं निदान होऊन काही वर्षं झालेली. मुलाचं नाव आता त्यांना आठवत नाही. तिन्हीसांज झाली की ते उठतात, दाराची कडी खडखडवतात आणि म्हणतात, “सोडा माका, पाळयेची येळ झाली.” ज्या गिरणीच्या पाळीला त्यांना जायचं असतं, तिथलं त्यांचं काम १९८२च्या संपात सुटलं ते कायमचंच.

मुलानं गाणी भरलेला छोटा स्पीकर आणला. जुनी हिंदी सिनेमाची गाणी. आबा अस्वस्थ झाले की तो लावायचा. आबा उठून पडद्यामागे बघून यायचे, “कोण इलो?” विचारायचे आणि एके दिवशी त्यांनी तो स्पीकर उचलून फेकला.

अशी कितीतरी घरं माझ्याकडे येतात. लोक त्यावरून ठरवून टाकतात की आमच्या माणसाला गाण्याची आवडच नव्हती, नाहीतर आजार आता फार पुढे गेलाय. दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. या घरात गाणी कुणाची होती, हे मला आधी बघायचं होतं. ती सगळी मुलाच्या लहानपणची निघाली. त्याच्या डोक्यात ‘जुनी गाणी’ म्हणजे ती.

मी विचारलं, “आबा वीस वर्षांचे असताना गाण्याचं काय करायचे?” मुलगा गोंधळला. तोवर गप्प बसलेली सून म्हणाली, “भजनाला जायचे ना. माळ्यावर त्यांचे टाळ आहेत अजून.”

मग हळूहळू सगळं कळत गेलं. सोळाव्या वर्षी आबा सिंधुदुर्गातून मुंबईला आले, परळच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीवर राहिले, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात लागले. खोलीतल्या पोरांचं भजनी मंडळ होतं. कोकणातल्या आणि लालबाग-परळच्या लोकांना डबलबारी सांगायला नको. समोरासमोर दोन बुवा, पेटी, पखवाज, एकानं टाकलेल्या कोड्याला दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं, आणि हे पहाटेपर्यंत चालायचं. आबा बुवा नव्हते. मागे बसून टाळ धरणारे आणि धृपद उचलणारे. म्हणजे बसून गाणं ऐकणं हा त्यांचा प्रकारच नव्हता. त्यांचं गाणं हातात होतं, आणि आजूबाजूला माणसं असली तरच ते व्हायचं. रिकाम्या खोलीत डब्यातून आवाज येतोय आणि गाणारा दिसत नाही, हे त्यांना भीतीचंच वाटणार.

मेंदूचं थोडं सांगते, कारण घरच्यांना ते समजलं की धीर येतो. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा भाग सहसा सुरुवातीलाच पोखरला जातो. म्हणून सकाळचा चहा विसरतो आणि चाळीतला जिना आठवतो. दहा ते तीस या वयातल्या आठवणी एरवीही सगळ्यांच्याच जास्त घट्ट असतात. त्यात गाण्याची गोष्ट आणखी वेगळी. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की फार जुनी, ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचे जे भाग जागे होतात, ते अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानानं बरेच टिकून असतात. पण याचा अर्थ गाण्यानं स्मरणशक्ती परत येते असा नाही. तोवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये घेतला गेला, त्यात उदासी आणि एकूण वागण्यातला त्रास कमी होताना दिसला, स्मरणात फारसा फरक दिसला नाही. हे मी पहिल्या भेटीतच सांगते. नाहीतर माणसं रोज गाणं लावून ‘आज नाव घेतील का’ याची वाट बघत बसतात आणि रोज नव्यानं मोडतात.

आम्ही ठरवलं ते साधंच होतं. स्पीकर बाजूला ठेवायचा. टाळ माळ्यावरून काढायचे. गावाकडच्या चुलत्यांना फोन करून मंडळ काय म्हणायचं ते विचारायचं. आणि वेळ बदलायची. आबा दाराशी जाऊन भिडल्यावर गाणं सुरू करून उपयोग नव्हता, कारण तेव्हा आत टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या आणि त्यात भर गाण्याची. अस्वस्थता सुरू व्हायच्या तासभर आधी, खोलीत दिवा लावून, टीव्ही बंद करून, समोर बसून स्वतः म्हणायचं.

“मला तर गाता येत नाही,” मुलगा म्हणाला. सून साताऱ्याकडची, तिला हरिपाठ पाठ, पण कोकणातल्या चाली परक्या. मी म्हटलं, सूर नको, लय धरा.

चुलत्यांनी नुसती नावं सांगितली नाहीत, आबांची भजनाची वही कुठल्या ट्रंकेत असेल तेही सांगितलं. ती वही घेऊन दोघं पुन्हा आले तेव्हा मी पाहिली. निळ्या शाईतले अभंग, गौळणी, गजर, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या सिनेगीताचे दोन शब्द. कडेला आबांनीच टाळाच्या ठोक्यांच्या बारीक खुणा केलेल्या.

पहिले काही दिवस आबांनी टाळ मांडीवर ठेवून नुसते बघितले. मुलगा अवघडून ‘जय जय राम कृष्ण हरी’ म्हणत राहिला. मग एका संध्याकाळी त्याची लय घसरली. आबांनी भुवया आवळल्या, टाळाची दोरी बोटाला गुंडाळली, आणि तळव्याची वाटी करून ठोका असा दिला की आवाज घुमायच्या आत दाबला गेला. चुकणाऱ्याला जागेवर आणायची ती पद्धत. दोन आवर्तनांत मुलगा त्यांच्या मागे आला. आबा म्हणाले, “हां. आता धर.”

मुलगा हे सांगताना रडला, आणि रडता रडता म्हणाला, “पण मॅडम, ते मला सदा म्हणत होते.” सदा म्हणजे चाळीतला त्यांचा जोडीदार, कधीच वारलेला. मुलाचं दुःख खरं होतं, ते मी बाजूला सारलं नाही. वडिलांच्या तोंडून आपलं नाव नाहीसं होतं, तेव्हा माणूस हयात असतानाच त्याचा शोक सुरू झालेला असतो, आणि घरात त्याला जागा नसते. त्याबद्दल आम्ही पुढे खूप बोललो. पण त्याला एक गोष्ट मी आवर्जून विचारली: आबांनी शेजारी बसवून घेतलेला माणूस कोण होता? सदाच्या जागी बसल्यावर आबा त्याच्याशी बोलतात, रागावतात, पाठीवर थाप मारतात. “मी सदा नाही, मी तुमचा मुलगा” असं दुरुस्त केलं की बावरतात. मग दुरुस्त कशाला करायचं?

तीच गोष्ट प्रश्नांची. “हे कुणाचं गाणं, ओळखा पाहू?” असं प्रेमानंच विचारलं जातं, पण ती परीक्षा होते आणि समोरचा माणूस रोज नापास होतो. सोबत म्हणावं, विचारू नये.

एक अभंग निघाला की मात्र आबांचा चेहरा पडायचा, हात थरथरायचा. चुलत्यांनी उलगडा केला: कुणी गेलं की प्रेतयात्रेत मंडळ तोच म्हणायचं. ते पान आम्ही वहीतून वगळलं. डोळे नुसते भरून आले तर घाबरून थांबू नका, हात धरून बसा. पण दर वेळी तेच गाणं माणसाला खाली ओढत असेल तर ते सोडून द्या.

दाराची कडी अजून वाजते, पण पूर्वीसारखी रोज नाही. आंघोळीला मोडता घालणारे आबा गजर म्हणत मोरीपर्यंत जातात. आता शब्द कमी झालेत, ठेका आहे. संध्याकाळची ती वेळ मुलाची ठरल्यामुळे सून खाली मैदानात चालून येते, आणि मला विचाराल तर या घराला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. एक मात्र लक्षात ठेवा. चिडचिड किंवा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर गाणी शोधत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. कित्येकदा लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा एखादं नवं औषध कारण असतं. ऐकू कमी येतं का, तेही तपासून घ्या.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असावा असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले सगळे काही भजनी मंडळातले नाहीत. कुणाच्या जात्यावरच्या ओव्या असतील, कुणाचा भोंडला, कुणाची शाळेतली प्रार्थना, नाहीतर नुसते तालात म्हटलेले पाढे. तुम्हाला ते माहीत नसणारच, कारण तेव्हा तुम्ही जन्मलेले नव्हता. पण त्या वयात त्यांना पाहिलेलं कुणीतरी आहे: गावचा चुलता, आत्या, चाळीतली शेजारीण. तीही माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून तो फोन पुढच्या गणपतीवर ढकलू नका.