अर्धवट गोधड्या, आईची लुगडी आणि ‘एवढंसं तर शिवायचंय’ : वाचकांचे प्रश्न

निफाडचा पारा एक आकडी झाला अशी बातमी पेपरात आली की नाशिकमध्ये प्रत्येकीला कपाटातलं अर्धं राहिलेलं काम आठवतं, आणि मग माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. यावेळचे पाच घेतलेत. दोन उत्तरं लांबलीत, पण ते विषयच तसे आहेत.

प्रश्न : ताई, माझ्याकडे एक गोधडी आहे जिला पिना आणि कच्चे टाके घालून ठेवलेत, भाच्यासाठी घेतलेलं एक दुपटं आहे (भाचा आता शाळेत जातो), आणि लॉग केबिनचे ब्लॉक (पट्ट्या जोडून केलेले चौकोन) एका पिशवीत भरून पडलेत. नवीन कापड दिसलं की नवीनच सुरू करते. मिस्टर म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. कुठून सुरुवात करू?
(एक वाचक, इंदिरानगर)

मिस्टरांचं मनावर घेऊ नका. मला तर वाचून असं वाटलं की तुमची कामं बरीच पुढे आलेली आहेत, फक्त प्रत्येक काम कुठेतरी एका जागी अडकलंय. आपण आळशी असतो म्हणून काम थांबतं असं नसतं हो, ते अवघड जागेवर येऊन थांबतं, म्हणजे अस्तराचं कापड आणायचं राहिलेलं असतं, कोपरे जुळत नसतात, नाहीतर गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायचं जिवावर येतं. ती जागा आधी शोधायची. एका दुपारी सगळं पलंगावर काढा, प्रत्येकाला एक चिठ्ठी टाचा आणि त्यावर पुढची एकच गोष्ट लिहा. ‘गोट लावणे’ असं लिहू नका, ते वाचूनच घडी परत कपाटात जाते. ‘मरून कापडाच्या अडीच इंची पट्ट्या कापणे’ असं लिहा, ते कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतसुद्धा होऊन जातं.

पहिला नंबर त्या पिना लावलेल्या गोधडीचा, आणि तो आजच. आपल्याकडच्या पावसाळ्यात सेफ्टी पिना गंजतात आणि तो तपकिरी ठिपका कापडावरून सहजासहजी जात नाही, तेव्हा आधी सगळ्या पिना काढून बघा. शिवाय तीन थर घडी घालून महिनोन्‌महिने ठेवले की आतला थर सरकतो, म्हणून फरशीवर पुन्हा सपाट पसरा, मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा, सैल झालेले कच्चे टाके नव्याने घाला आणि मगच पक्का धावदोरा सुरू करा. धावदोरा पण मधूनच कडेला न्या, म्हणजे जो काही फुगा राहील तो बाहेर निघून जाईल, मध्ये अडकणार नाही.

दुपटं भाच्यासाठी पूर्ण करू नका, त्याला आता ते नकोय. आहे त्या तुकड्याला चारी बाजूंनी रुंद पट्टी लावा, टीव्ही बघताना मांडीवर घ्यायला मस्त होतं. किंवा ओळखीत कुणाकडे बाळ येणार असेल तर तिथे द्या.

आता लॉग केबिन. मधला चौकोन आणि त्याच्याभोवती फिरत जाणाऱ्या पट्ट्या, म्हणजे शिलाया भरपूर, आणि जितक्या शिलाया तितका फरक साठत जातो. आपण माया (शिलाईच्या बाहेर सोडतो ते कापड) पाव इंच ठरवतो, पण हात दोन्हीकडे एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत गेला तर एक ब्लॉक पाव इंचाने कमी भरतो, आणि ८ ब्लॉकची ओळ लावली की २ इंच गेले, मग ती ओळ शेजारच्या ओळीशी जुळणार कशी. पिशवीतले सगळे ब्लॉक इस्त्री करून मोजा. इस्त्री उचलून ठेवायची, ओढायची नाही, ओढली की कापड ताणतं. फरक अर्ध्या इंचाच्या आत असेल तर सगळे ब्लॉक सर्वांत लहान ब्लॉकच्या मापाला छाटा. जास्त असेल तर लहान ब्लॉकना भोवती एक पट्टी लावून मोठे करा आणि मग सगळे एका मापाला कापा. पट्टी लावलेले आणि न लावलेले ब्लॉक एकाआड एक मांडले की ती डिझाइनच वाटते, खरंच छान दिसतं.

आणि नवीन कापडाचं म्हणाल तर घ्या की, मेन रोडवरून जाताना मोह होतोच. घरी आणा, धुवा, घडी करून ठेवा, फक्त कापू नका. कापड अख्खं आहे तोवर त्याचं काहीही होऊ शकतं, कात्री लागली की ते त्या एका कामाला बांधलं गेलं. माझ्या मते एका वेळी दोनच कामं उघडी असावीत, एक हातशिलाईचं, जे घेऊन हॉलमध्ये सगळ्यांच्यात बसता येतं, आणि एक मशीनचं. माझं हातातलं काम सध्या जुन्या शर्टांची मोठी गोधडी आहे. शर्टाच्या पाठीचा भाग सलग मिळतो आणि कॉलरपेक्षा कमी झिजलेला असतो, बटणपट्टी तशीच ठेवून एका कोपऱ्यात लावली तर नातवंडं तिच्याशीच खेळत बसतात. रात्रीची जेवणं आवरली की एक दोरा संपेपर्यंत टाके घालायचे, दुसरा ओवायचा नाही, असं ठेवलंय, त्यामुळे बोटं दुखायच्या आत उठणं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटतं.

प्रश्न : नमस्कार ताई. मी प्रेसमधून रिटायर झालोय. शिवणकाम कधी केलं नाही पण हात स्थिर आहे आणि आता वेळ आहे. आई गेली, तिची सुती नऊवारी लुगडी घरात आहेत. तिन्ही बहिणींना एकेक गोधडी करून द्यावी असं मनात आहे. लाल लुगड्यांचा रंग जाईल का? मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्याने पक्का होतो म्हणतात. एक येवल्याची पैठणी पण आहे, ती कशी वापरू?
(एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड)

दादा, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. जरूर करा, आणि कुणाकडून करून घेऊ नका, स्वतःच करा.

नऊवारीचं माप गोधडीसाठी फार सोयीचं असतं. नऊ वारांचे ४ सारखे तुकडे केले की सव्वादोन वाराचा एक पडतो, म्हणजे ८१ इंच, डोक्यापासून पायापर्यंत पुरतो. ते चार एकावर एक ठेवले की लुगड्याच्या पन्न्याएवढी रुंद, चार थरांची, एका माणसाची गोधडी एका लुगड्यात होते. पण कापायच्या आधी प्रत्येक लुगडं खिडकीत उजेडासमोर धरून बघा. बसण्याच्या जागी आणि ओच्याकडे विरलेलं असेल, तिथून उजेड जाळीसारखा येतो. असे भाग आत घाला, घट्ट विणीचे भाग वर आणि खाली. काठ फेकू नका, सरळ कापून काढा आणि चारी बाजूंना गोट म्हणून लावा, बहिणींना गोधडी हातात घेतल्या घेतल्या लुगडं ओळखू येईल. पदर मधोमध वर ठेवा.

रंगाबद्दल. मीठ आणि व्हिनेगरने कापडातला सुटा रंग घरी पक्का होत नाही. मीठ रंगारी रंगवताना वापरतात, तेव्हा रंग धाग्यात शिरायला मदत होते, पण रंगून झालेल्या कापडात जो जास्तीचा रंग नुसता बसून आहे तो धुऊनच काढावा लागतो. इतक्या वर्षांच्या धुण्याने तुमच्या लुगड्यांचा बराचसा रंग गेलेलाच असेल, तरी खात्री करा. लाल तुकडा आणि पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा दोन्ही एका स्टीलच्या पेल्यात गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. मांजरपाट पांढरंच राहिलं तर प्रश्न मिटला. गुलाबी झालं तर ते लुगडं बादलीभर गरम पाण्यात, डिटर्जंट घालून, सुटं पोहत राहील असं भिजवा, पाणी बदलत राहा, पाणी नितळ येईपर्यंत. ओलं लुगडं पिळून घडी करून ठेवून देऊ नका, डाग तिथेच पडतात.

आणि एवढं करूनही पहिल्या धुण्यात रंग दुसऱ्या कापडावर उतरलाच तर घाबरून गोधडी उन्हात वाळत घालू नका. वाळायच्या आत परत भरपूर गरम पाण्यात डिटर्जंट घालून पूर्ण बुडवून रात्रभर ठेवा. सुती कापडाला हे चालतं. पाणी कमी असेल तर उपयोग नाही, सुटलेला रंग पाण्यात पसरायला जागा लागते.

पैठणी मात्र गोधडीत घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. रेशीम आणि जर सुती कापडासारखी धुता येत नाही, आणि गोधडी तर धुवावीच लागते. नेसण्यासारखी असेल तर जी बहीण नेसेल तिला द्या. घडीवर फाटली असेल तर काठ-पदर तेवढा वाचवा, टेलर कॉलरला लावतात ती चिकटवायची फ्यूजिंग मागून लावून भिंतीवरचा एक तुकडा करा.

पहिली गोधडी एकाच लुगड्याची करा, ठिगळं नकोत, नुसता सरळ धावदोरा. दुसऱ्या गोधडीला हात बसलेला असेल.

प्रश्न : गोधडीच्या आत काय घालावं, पॉलिफिल शीट (सिंथेटिक धाग्यांचा मऊ थर) की जुन्या साड्या? पिंजलेला कापूस घातला तर?
(एक वाचक, ओझर)

नाशिकच्या हवेला जुन्या सुती साड्या. आपल्याकडे थंडी कडक असते पण ती दोन-तीन महिने, एरवी पहाटे अंगावर काहीतरी हलकं हवं असतं, आणि उन्हाळ्यात तीच गोधडी खाली अंथरता येते. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेने येते, त्यामुळे चार पातळ थर एका जाड चादरीपेक्षा जास्त गरम लागतात. पॉलिफिल हलकं असतं, लवकर वाळतं, बाळाच्या गादीला ठीक आहे, पातळ शीट घ्या, जाडीतून हाताने टाका नीट निघत नाही. सुटा कापूस घातलात तर टाके जवळजवळ घालावे लागतील, नाहीतर एका धुण्यात त्याचे गोळे होऊन कोपऱ्यात जमतात. सिंथेटिक साडी आत घालू नका, घाम शोषत नाही.

प्रश्न : माझ्याकडे मशीन नाही, कटर-मॅट वगैरे नाही. शेजारच्या ब्लाउज शिवणाऱ्या ताई चिंध्या देतात, त्या सगळ्या वेड्यावाकड्या. यातून काही होईल का? आणि शेजारच्या एक काकू आत्ताच म्हणायला लागल्यात, नातीला एक शिवून दे, साड्या मी देते, एवढंसं तर शिवायचंय. पैसे मागू का?
(एक वाचक, गंगापूर रोड)

होईल, आणि फार सुंदर होईल. उत्तर कर्नाटकात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, करतात, ती पद्धत तुमच्यासाठीच आहे. खाली एक अखंड साडी पसरायची, कडा आत दुमडायची आणि एका कोपऱ्यापासून सुरू करायचं. एक तुकडा ठेवायचा, त्याची कड बोटाने दुमडायची, धावदोरा घालत पुढे जायचं, तो संपत आला की त्याच्यावर पुढचा तुकडा. चारी बाजूंनी फेरी पूर्ण झाली की आतली फेरी, असं करत करत मध्यावर पोचायचं. तुकडे आधी जोडायचे नाहीत, मापात कापायचे नाहीत, गोटही वेगळा लावायचा नाही. आपल्याकडेही कित्येक जणी गोधडीला असंच कडेकडेने आत जातात. सिद्दी बायका शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची छोटी फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं त्या मानत नाहीत. तुम्हीही लावा.

फक्त ब्लाउजच्या चिंध्यांमध्ये उरेब (तिरके कापलेले) तुकडे खूप असतात, ते हातात ताणले जातात, म्हणून असा तुकडा न ओढता ठेवा आणि आधी दोन टाचण्या लावा. अस्तराचे सुती तुकडे वेगळे काढा, ते सगळ्यात चांगले. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, पहिल्या दिवसापासून, नंतर सवय लागत नाही.

आता काकूंचं. त्यांना राग न येता हिशोब सांगता यावा म्हणून देते. ६० बाय ८० इंचांची गोधडी, इंचाइंचावर ओळ धरली तर ८० इंचांच्या ६० ओळी, म्हणजे ४,८०० इंच दोरा नुसता टाक्यांचा. इंचाला ५ टाके धरले तर २४,००० टाके. हे ‘एवढंसं’ नाही. माझं म्हणणं असं की गोधडी एकतर मनापासून भेट द्यावी, आणि ती आपण ठरवलेल्या माणसालाच, नाहीतर दोरा, अस्तर आणि आपले तास धरून पूर्ण पैसे घ्यावेत. संकोचून तीनशे-चारशे सांगितले की त्यांना वाटतं पैसे दिले आणि आपल्याला वाटतं फुकट केलं, आणि पुढचे चार महिने जिन्यात समोरासमोर आलं तरी कसंनुसं होतं. काकूंशी संबंध चांगले असतील तर सरळ म्हणा, ‘काकू, मोठी नाही जमणार, नातीला दुपटं करून देते.’ ३६ बाय ३६ चं दुपटं त्याच मापाने १,२९६ इंचांचं होतं, साधारण पाव काम. नात खूश, काकू खूश आणि तुमची कवंदी पण थांबत नाही.

प्रश्न : आजीची गोधडी घटस्थापनेच्या आधी धुतली तर मध्येच दोरे तटतट तुटले. कशी धुवायची?
(एक वाचक, पंचवटी)

दोरे धुताना कमी आणि वाळत घालताना जास्त तुटतात. भिजलेली गोधडी प्रचंड जड होते आणि एका दोरीवर टाकली की सगळं वजन मधल्या टाक्यांवर येतं. भिजवून पायाने हलकं तुडवा, आपटू नका, पिळू नका, गुंडाळी करून दाबून पाणी काढा. मग गच्चीत दोन-तीन दोऱ्यांवर मिळून आडवी पसरा किंवा खाटेवर टाका, उलटी बाजू वर करून, म्हणजे रंग उन्हाने विटणार नाहीत. तुटलेल्या ठिकाणी आधीचा दोरा उपसू नका, त्याच्या शेजारून नवीन ओळ घाला, दोन्हीकडे दोन-तीन इंच चांगल्या भागात नेऊन. जिथे कापडच विरलंय तिथे आधी वरून एक सुती ठिगळ ठेवा आणि मग ओळ घाला.