मॅडन या व्हिडिओ गेममध्ये पासिंग खऱ्या अमेरिकन फुटबॉलसारखं कसं होईल? प्रो लेव्हलला जवळपास सगळे पास पूर्ण होतात, ऑल-मॅडनला (सगळ्यात अवघड लेव्हल) मॅचमागे चार इंटरसेप्शन, म्हणजे बचावपटूंनी पकडलेले पास. स्लायडर (सेटिंगमधले कमी-जास्त करायचे आकडे) किती ठेवू?

स्लायडर शेवटी. आधी डावा अंगठा काय करतोय ते बघा.

डाव्या स्टिककडे दोन कामं आहेत: क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला) हलवणं आणि पासला दिशा देणं. बहुतेक जण स्नॅप झाला (बॉल क्वार्टरबॅकच्या हातात आला) की स्टिक मागे ओढून धरतात आणि तशीच धरून रिसीव्हरचं (पास पकडणाऱ्याचं) बटण दाबतात. गेमच्या लेखी तो पळता पळता टाकलेला पास. मग तुमच्या क्वार्टरबॅकचं मीडियम ॲक्युरसी रेटिंग कितीही चांगलं असो, ‘थ्रो ऑन द रन’ बेताचं असेल तर बॉल भरकटणारच. क्रम असा ठेवा: मागे या, स्टिक सोडा, पाय स्थिरावू द्या, बटण दाबा आणि मग स्टिक ढकला, तीही बचावपटू असेल त्याच्या उलट बाजूला.

मागे येणंही मापात. शॉटगन रचनेत क्वार्टरबॅक आधीच पाचेक यार्ड मागे उभा असतो, आणखी दोन-तीन यार्ड पुरे. बारा यार्ड मागे पळालात तर टॅकलला (लाइनच्या टोकाला अडवणाऱ्याला) वळसा घालून क्वार्टरबॅकवर येणाऱ्या रशरला तुम्ही स्वतःच वाट करून देता. पुढे अडवणारी लाइन बिचारी फुकट शिव्या खाते.

आता टायमिंग. खरा क्वार्टरबॅक रिसीव्हर मोकळा दिसल्यावर पास टाकत नाही, तो मोकळा होणार म्हणून टाकतो. प्रॅक्टिस मोडमध्ये ‘स्मॅश’ हा पासचा डाव घ्या आणि समोर कव्हर २ लावा, म्हणजे मागे दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) ठेवणारा बचाव. बाहेरचा रिसीव्हर पाच-सहा यार्डांवर थांबतो, आतला वर जाऊन कोपऱ्याकडे वळतो. नजर फक्त कॉर्नरबॅकवर (कडेच्या बचावपटूवर) ठेवायची. तो मागे सरकला तर खालचा पास. तो खालीच घुटमळला तर वरचा, आणि तोही आतला रिसीव्हर वळण्यासाठी पाय रोवतो त्याच क्षणी.

इथे बुलेट (जोरात, सपाट) की टच (थोडा उंच) हा खरा प्रश्न. कॅच १८ यार्डांवर दिसतो, पण क्वार्टरबॅक सात यार्ड मागे आणि रिसीव्हर बावीसेक यार्ड बाजूला, म्हणजे बॉलला तेहतीस यार्ड, साधारण ३० मीटर जायचंय. जोरात मारलेल्या पासला ढोबळमानाने सव्वा सेकंद लागेल, उंच टाकलेल्याला दोनच्या आसपास. सेफ्टी सेकंदाला सात मीटर पळाला तर पहिल्या वेळात नऊ मीटर कापतो, दुसऱ्यात चौदा. त्याला रिसीव्हरपर्यंत पोचायला तेरा-चौदाच लागतात. ऑल-मॅडनला तुमचे इंटरसेप्शन बहुधा इथूनच येतात: नुसतं टॅप केलं की लॉब (उंच पास) जातो, बॉल हवेत तरंगतो आणि सेफ्टी आरामात खाली येऊन उभा राहतो. बटण दाबून धरलं तर बुलेट, त्या दोन्हींच्या मधला तो टच. टच तेवढाच वापरा जेवढा मधल्या लाइनबॅकरच्या (लाइनमागच्या बचावपटूच्या) हातावरून जायला लागतो. मधोमध सपाट बुलेट मारणं मात्र टाळा, गेममधले लाइनबॅकर न बघताही उडी मारून बॉल काढतात. ते खरं वाटत नाही, पण आहे तसं आहे.

आता सेटिंग. गेम स्टाइल ‘सिम्युलेशन’ ठेवा, म्हणजे रेटिंगला किंमत राहते. मॅडन २३ (२०२२) पासून पासिंगचे तीन प्रकार आहेत: क्लासिक, प्लेसमेंट, आणि प्लेसमेंट अँड ॲक्युरसी. खरेपणा हवा असेल तर तिसरा घ्या. त्यात पास टाकताना स्क्रीनवरची पट्टी सांभाळावी लागते, पहिल्या दोन-तीन मॅच वैताग येईल. मॅडन ०६ मधला क्वार्टरबॅकच्या नजरेचा प्रकाशझोत आठवत असेल तर त्यापेक्षा हे खूपच सुसह्य. कल्पना तेव्हाचीही बरोबर होती, हाताळणी त्रासाची होती.

स्लायडर ५० वर असतात. एका वेळी एकच, पाच-पाचने हलवा. पास फार पूर्ण होत असतील तर तुमचा ‘क्यूबी ॲक्युरसी’ कमी करा, ‘रिसीव्हर कॅचिंग’ला हात लावू नका. तो खाली आणला की टक्केवारी बरी दिसते, पण ती मोकळ्या रिसीव्हरच्या हातातून बॉल सुटल्यामुळे. इंटरसेप्शन फार असतील तर ‘इंटरसेप्शन्स’ स्लायडर दोन्ही बाजूंचा कमी करा, मग बचावपटूच्या हाताला लागलेला बॉल दर वेळी पकडला न जाता कधी कधी नुसता खाली पडेल.

मोजायला माप हवं तर एनएफएलमध्ये (अमेरिकेतली खरी व्यावसायिक लीग) अलीकडे ६४-६५ टक्के पास पूर्ण होतात आणि शंभर पासमागे दोन-अडीच इंटरसेप्शन पडतात. पाच मिनिटांच्या क्वार्टरच्या एका मॅचवरून हे ताडून बघू नका, जेमतेम वीस-पंचवीस पास होतात. चार मॅचचे आकडे एकत्र करा, मगच पुढचा स्लायडर.