मापनी नव्हे, निसण!

प्रश्न : औषधांच्या चाचण्यांत नैराश्य किती आहे हे ठरवणाऱ्या ‘रेटिंग स्केल’ला मापनी म्हणावे की श्रेणी? आणि ‘सिव्हिअर’साठी ‘तीव्र’ चालेल का?

दुसरा भाग आधी उरकतो. ‘तीव्र’ नको. जुनाटच्या उलट जे ‘अक्यूट’, त्यालाही आपण तीव्रच म्हणतो. ‘तीव्र जुनाट नैराश्य’ असं लिहायची पाळी येईल. सौम्य, मध्यम, गंभीर म्हणा आणि मोकळे व्हा. आणि नैराश्य मोजायच्या हॅमिल्टन स्केलवरच्या 24 गुणांना ‘24 टक्के नैराश्य’ म्हणणाऱ्यांना कुणीतरी आवरा! सतरा प्रश्नांच्या त्या स्केलवर एकूण गुण 52 असतात आणि 24 वर बरेच संशोधक रुग्णाला गंभीर गटात टाकतात.

आता खरी गंमत. तराजूचं इंग्रजी ‘स्केल’ जुन्या नॉर्समधल्या वाडग्यावरून आलं. ‘रेटिंग स्केल’मधलं ‘स्केल’ लॅटिन ‘स्काला’वरून, म्हणजे शिडीवरून. दोघांचं नातंगोतं नाही. मापनीवाल्यांनी नेमका परक्या घरचा तराजू उचलला आहे. श्रेणीवाले निदान दारापर्यंत पोचले. श्रेणी म्हणजे ओळ. पण संस्कृतात शिडीला ‘निःश्रेणी’ म्हणतात. मुळाशी धातू ‘श्रि’, टेकणे, ‘आश्रय’ त्यातलाच. निःश्रेणीची झाली निसण. गोव्यात कोकणी बोलणाऱ्याला विचारा, माडाला निसण लावून दाखवील. कोशकारांना मात्र ‘रेटिंग स्केल’साठी ‘पदनिश्चयन श्रेणी’ असले दात पाडणारे शब्द सुचतात.

शब्द घरगुती आहे म्हणून हट्ट धरतोय असं समजू नका. मॅक्स हॅमिल्टन यांनी 1960 साली, नैराश्याचं निदान आधीच झालेल्या रुग्णांसाठी ही निसण उभी केली, आणि तिच्या पायऱ्या सारख्या नाहीत. काही प्रश्नांना 4 पर्यंत गुण, काहींना 2 पर्यंतच. झोपेवरच तीन प्रश्न, मिळून 6 गुण. नुसती झोप लागणारी गोळी दिली तरी माणूस चार-पाच पायऱ्या खाली उतरलेला दिसू शकतो, मन तसंच जड असलं तरी. आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2004 मध्ये औषध आणि खोटी गोळी यांच्यात अर्थपूर्ण मानलेलं अंतर होतं 3 गुणांचं! मापनी म्हटलं की हे सगळं झाकलं जातं. किलोला किलो बरोबर असणार असं वाटतं.

‘सोपान’ सुचवणारे येतीलच. तो दगडी जिना, जागचा हलत नाही. ही निसण तर संशोधक बदलला की मध्यम-गंभीरची रेघही सरकवते.