प्रवेशचाचणीतली दहा मिनिटं

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

बारावीनंतर गाण्यातच पदवी घ्यायची हे तू ठरवलंस आणि घरच्यांनी ते मान्य केलं, हे वाचून फार आनंद झाला. प्रवेशचाचणीत गायला म्हणून तू पत्रात लिहिलेली अकरा रागांची यादी मात्र बाजूला ठेव. पुण्याचं ललित कला केंद्र असो, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग असो की बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, तुला किती राग येतात यापेक्षा एका रागात तू आपल्या बुद्धीने हिंडू शकतेस का, हे परीक्षकांना पाहायचं असतं. बसवलेलं गाणं त्यांना दुसऱ्या आवर्तनातच, म्हणजे तालाच्या दुसऱ्या फेरीतच, कळतं.

चाचण्या बहुधा दिवसा होतात, म्हणून मुख्य राग भीमपलास ठेव. दुसरा यमन, आणि भूपातली एखादी द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश हाताशी असू दे. प्रत्येक रागाच्या शेजारचा रागही समजून घे, कारण तिथेच प्रश्न येतात. भीमपलासच्या आरोहात, म्हणजे स्वर चढताना, रिषभ-धैवत वर्ज्य. घाईत ‘म ध नि’ गेलं की बागेश्री डोकावते, आणि निषाद जरा चढला की पटदीप. गंधार मध्यमाला धरून घे, सुटा ठोकू नकोस. भूप गायलीस तर ‘देसकार कसा वेगळा?’ असं विचारतील. तेव्हा वादी-संवादी (रागाचे दोन मुख्य स्वर) म्हणून दाखवण्यापेक्षा धैवतावर थांबून देसकार गाऊन दाखव.

आता वेळेचा हिशेब, कारण बहुतेक मुलं इथेच अडकतात. दहा मिनिटं दिली आहेत असं धरू. बारा मात्रांच्या (ठोक्यांच्या) विलंबित, म्हणजे संथ, एकतालात मिनिटाला १५ मात्रा ठेवल्या, तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. औचाराला, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या आलापाला, अर्धा-पाऊण मिनिट पुरे. मग एक आवर्तन स्थायी (बंदिशीचा पहिला भाग), तीन आवर्तनं मंद्र-मध्य (खालच्या-मधल्या) सप्तकातली आलापी, एक अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग), दोन बोलआलाप (बंदिशीचे शब्द घेऊन आलाप) आणि थोड्या ताना. साडेसहा-सात मिनिटं संपली. उरलेल्या वेळात सोळा मात्रांचा द्रुत तीनताल, पण मिनिटाला १६० मात्रांच्या वर जाऊ नकोस. त्या लयीत आवर्तन ६ सेकंदांचं होतं आणि तानेतला प्रत्येक स्वर अजून ऐकू येतो.

घरी अ‍ॅपवर नेहमी १५ च्याच लयीत रियाज केलास तर घात होतो. चाचणीतले तबलजी १२ ने सुरू करतात, आवर्तन एकदम ६० सेकंदांचं होतं, पाठ केलेला आलाप संपतो आणि जवळजवळ अडीच मात्रा रिकाम्या उरतात. म्हणून एक दिवस १२, एक दिवस १५, एक दिवस १८ अशी लय लाव. मात्रा बोटांवर मोजायच्या नाहीत, ठेका ऐकायचा. एकतालात तिरकिट हा तबल्याचा बोल दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. ‘कत् ता’नंतरचा तिरकिट ऐकलास की धी ना आणि मग सम, म्हणजे पहिली मात्रा. पहिल्या तिरकिटालाच मुखडा (समेवर येणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) उचलणारी मुलं दरवर्षी दिसतात. गळा चांगला असूनही ती तिथे कोलमडतात. रोज वीस मिनिटं नुसता मुखडा घेऊन वेगवेगळ्या जागांवरून समेवर ये. तानांआधी हे कर.

गाणं झालं की छोटी कामं सांगतात. परीक्षकांनी गायलेला पलटा (स्वरांचा छोटा नमुना) किंवा तान ऐकून तशीच म्हणायची, तिचे स्वर ओळखायचे, झपताल किंवा रूपक हातावर दाखवून दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणायची. रूपकाची समच ‘खाली’, म्हणजे बिनटाळीची जागा, असते, तिथे टाळी देऊन बसू नकोस. भातखंडे स्वरलेखन पद्धतीत चार ओळी लिहिता यायला हव्यात: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. लेखी प्रश्न, कागदपत्रं, वयाची अट यांसाठी त्या वर्षीचं माहितीपत्रकच वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

पट्टीबद्दल, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीवर तुझा सा ठेवायचा याबद्दल, एकच हट्ट धर. काळी चारला गातेस ना, मग तीच सांग. वरचा षड्ज सहज लागावा म्हणून खालची काळी तीन घेतलीस तर मंद्रातला पंचम लागणार नाही, आणि आलापीची सगळी भिस्त तिथे आहे. आत गेल्यावर तानपुरा जुळलेला आहे का ते आधी ऐक. पंचम उतरलेला वाटला तर ‘जरा मिळवून घेऊ का?’ असं नम्रपणे विचार. याचा कुणालाही राग येत नाही, उलट कान दिसतो. तबलजींना ताल आणि लय तोंडी सांगून, दोन मात्रा हाताने दाखव.

मध्येच ‘बस’ म्हणाले तर घाबरू नकोस. वेळ थोडा असतो, आणि त्यांना हवं ते ऐकून झालेलं असतं. अर्ध्या तानेवर मात्र थांबू नकोस. मुखडा घे, समेवर ये, मग थांब.